बेवारसाला अग्नी कुणी द्यायचा?

पोलीस ठाण्याच्या कागदावर अनोळखी माणूस साधारण असा उतरतो: पुरुष, वय अंदाजे ५५, उंची पाच फूट चार इंच, बांधा सडपातळ, दाढी वाढलेली, अंगात निळा चौकड्यांचा शर्ट, उजव्या मनगटावर गोंदण, पायात काही नाही. खाली मृतदेह कुठे आणि किती वाजता सापडला ते, मग पंचांच्या सह्या. नावाच्या रकान्यात ‘अज्ञात’. मध्य प्रदेशात या नोंदीला मर्ग म्हणतात. मर्ग कायम झाला की त्याला क्रमांक पडतो आणि तिथून पुढे तो क्रमांक हीच त्या माणसाची ओळख. महाराष्ट्रात आपण अकस्मात मृत्यूची नोंद म्हणतो, विदर्भात मात्र अजूनही मर्गच. वरचं वर्णन कुणा एकाचं नाही. पण देवास किंवा धारच्या कुठल्याही ठाण्याच्या फायलीत ते सहज मिसळून जाईल.

मराठी माणसाला ही दोन्ही गावं परकी नाहीत. दोन्हीकडे पवारांची गादी. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला आणि देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांनी आयुष्य काढलं. ही बाजू आपल्याकडे वारंवार लिहिली जाते. त्याच गावांच्या रस्त्यांवर, फलाटांवर आणि घाटांवर नाव न सांगता मरणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते कुणी करायचं आणि कुणाच्या पैशाने, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. कायदा याबाबत अगदी मुका नाही. तो बोलतो, पण अर्धवट, आणि उरलेलं अर्धं एखाद्या हवालदाराच्या आणि चार भल्या माणसांच्या गळ्यात पडतं.

असे मृतदेह या भागात का सापडतात, हे आधी समजून घेऊ. देवास आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे आणि उज्जैन-इंदूर रेल्वेमार्गावरचं जंक्शन आहे. गावाच्या मधोमध तुळजाभवानी आणि चामुंडा यांची टेकडी, तिथे बारमाही यात्रेकरू आणि त्यांच्या दानावर जगणारी माणसं. नोटांचा सरकारी छापखाना १९७० च्या दशकात आला, त्याच्या मागेपुढे कारखाने आले, आणि कारखान्यांबरोबर बिहार, उत्तर प्रदेशातले एकटे राहणारे मजूर. धारचं तेच पीथमपूरमध्ये झालं. ती औद्योगिक वसाहत धार जिल्ह्यात आहे, जरी आपण तिला इंदूरचीच समजतो. जिल्ह्याच्या दक्षिणेला नर्मदा. नदी वरच्या अंगाला बुडालेल्याला कुठल्या ठाण्याच्या हद्दीत आणून सोडेल याचा नेम नाही. आणि पश्चिमेकडच्या भिल्ल, भिलाला गावांतून दरवर्षी हजारो माणसं मजुरीसाठी गुजरातेत उतरतात. त्यातला एखादा तिकडेच रस्त्यावर गेला, तर इकडे कुक्षी-मनावरकडच्या घरी तो बेपत्ता असतो आणि तिकडच्या शवागारात बेवारस. दोन्ही नोंदी खऱ्या असतात. त्या एकमेकींना भेटत नाहीत, एवढंच.

क्रमांक पडल्यानंतर

संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी पोलिसांनी कशी करायची हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम १९४ आहे. ठाणेदाराने जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचं, जागेवर जायचं, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा करायचा, मृत्यूच्या कारणाविषयी शंका असेल तर शवविच्छेदनाला पाठवायचं. देवासात मृतदेह महात्मा गांधी जिल्हा रुग्णालयात जातो, धारला भोज रुग्णालयात. तिथे फोटो, बोटांचे ठसे, कपडे आणि गोंदणाची नोंद होते. गरज पडली तर व्हिसेरा राखून ठेवतात, डीएनएसाठी नमुना घेतात. वर्णन आसपासच्या ठाण्यांना जातं, वर्तमानपत्रात छोटी बातमी येते, आता व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतो.

इथे कुणीही विचारेल की आधार आहे ना, बोट टेकवा आणि नाव काढा. तसं होत नाही. आधारची यंत्रणा क्रमांक आणि ठसा एकमेकांशी जुळतो का एवढं पडताळते. नुसत्या ठशावरून कोट्यवधींच्या साठ्यात माणूस शोधून देण्याची सोय पोलिसांना खुली नाही, आणि मृत शरीराचे ठसे बिघडलेले असतात ते वेगळंच. पोलिसांकडे राष्ट्रीय ठसे-साठा आहे, पण त्यात मुख्यतः गुन्ह्यात अटक झालेल्यांचे ठसे. म्हणजे आयुष्यभर कायद्याच्या वाट्याला न गेलेला गरीब माणूस मेल्यावर ओळखला जाण्याची शक्यता सर्वांत कमी.

मग वाट पाहणं. साधारण ७२ तास थांबायची पद्धत आहे. शीतपेटी चालू असेल आणि रिकामी असेल तर हे तास निभतात. माळव्यातल्या मे महिन्यात पेटी बंद पडली किंवा मृतदेह मुळातच दोन दिवस उन्हात पडून सापडलेला असला, तर डॉक्टर, पोलीस, शवागाराचा कर्मचारी सगळ्यांना एकच घाई असते. ती घाई मी समजू शकतो. पण नेमक्या याच घाईत फोटो धड निघत नाहीत, गोंदणाची अक्षरं उतरवून घ्यायची राहतात, कपडे पिशवीत न घालता जाळले जातात. पुढे कधी घरचं माणूस शोधत आलं तर त्याला दाखवायला काही उरत नाही.

शेवटी मृतदेह अंत्यसंस्कारासाठी सोपवला जातो, त्याचा सुपुर्दनामा होतो. ओळख न पटलेल्याला बऱ्याच ठिकाणी जाळत नाहीत, पुरतात. मग तो कुठल्याही धर्माचा वाटो. कारण व्यवहारी आहे. पुढे वारस निघाला किंवा खुनाचा संशय आला, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने मृतदेह उकरून पुन्हा तपासता येतो. जाळल्यावर ती वाट बंद. पण खड्ड्याची ही पद्धत तेव्हाच शहाणपणाची, जेव्हा खड्ड्यावर मर्ग क्रमांकाची पाटी असते आणि तोच क्रमांक स्मशानाच्या वहीत असतो. पाटी पत्र्याची असेल तर पहिल्या दोन पावसाळ्यांत अक्षरं जातात. पाटी नसली तर ती जागा कुणाची हे वर्षभरात खड्डा खणणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग उकरायला मिळावं म्हणून पुरलं, या म्हणण्याला काही अर्थ राहत नाही.

खर्च कुणाचा

एका सरणाला तीन ते चार क्विंटल लाकूड लागतं. त्यावर कापड, तेल-तूप, शवागारापासून स्मशानापर्यंतची गाडी, उचलणाऱ्यांची मजुरी. पुरायचं तर खड्डा खणण्याची मजुरी आणि मीठ. बड्या घरच्या दहाव्याच्या जेवणापुढे ही रक्कम किरकोळ आहे. पण ज्याच्या ड्युटीत हा मृतदेह आला त्या शिपायाच्या पगारापुढे ती किरकोळ नाही. अनेक ठिकाणी सरकारी रक्कम तुटपुंजी, ती मिळेपर्यंत महिने जातात, म्हणून त्या वेळी खिशातून खर्च करायचा आणि मागून बिल लावायचं. नाहीतर गावातल्या एखाद्या सेवाभावी मंडळाला फोन करायचा. माळव्यात अशी मंडळं गावोगाव आहेत. मुक्तिधामाची व्यवस्था पाहणाऱ्या समित्या आहेत, कब्रस्तानच्या कमिट्या आहेत. मुसलमान समाजातली मुलं हिंदूंच्या तिरडीला खांदा देतात आणि हिंदू कार्यकर्ते कब्रस्तानात माती द्यायला उभे राहतात, हे इथे नवलाचं मानलं जात नाही. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही फोन त्यांना आधी आणि नगरपालिकेला नंतर जातो, हे मला पटत नाही.

कारण हे काम पालिकेचं आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय त्यात आहेत. चौदावा विषय दफन आणि दफनभूमी, दहन आणि स्मशानभूमी, विद्युतदाहिनी. देवास ही महानगरपालिका, तिला मध्य प्रदेशाचा १९५६ चा महापालिका कायदा लागू आहे. धार ही नगरपालिका, तिला १९६१ चा. दोन्हींत मृतांच्या अंत्यविधीच्या जागा राखणं आणि त्यांचं नियमन करणं पालिकेकडे आहे. महाराष्ट्राचा १९४९ चा महानगरपालिका कायदा तर कलम ६३ मध्ये, पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांच्या यादीत, बेवारस मृतदेहांची विल्हेवाट हे काम नाव घेऊन सांगतो. बंधनकारक म्हणजे पैसा उरला तर करू असं नाही. रस्ते झाडणं आणि पाणी पुरवणं ज्या यादीत आहे, त्याच यादीत हे आहे.

खेड्यात गोष्ट अवघड होते. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात स्मशानाचं नाव नाही. राज्याच्या कायद्याने ते काम ग्रामपंचायतीकडे येतं, पण महामार्गालगतच्या एखाद्या छोट्या पंचायतीच्या हद्दीत वर्षाला चार अनोळखी मृतदेह सापडले तर तिने पैसा कुठून आणायचा? धार जिल्ह्यात ही अडचण कागदावरची नाही. खलघाटजवळ नर्मदेवरचा पूल आहे. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एसटी त्या पुलावरून नदीत कोसळली. दोन्ही राज्यांची यंत्रणा धावली, मृतदेह धामणोदच्या सरकारी रुग्णालयात आणले गेले. खिशातली ओळखपत्रं, नातेवाइकांचे फोन आणि महामंडळाच्या नोंदी यांच्या आधारे नावं लागत गेली आणि माणसं आपापल्या गावी परत गेली. एसटी हे मोठं घर होतं म्हणून ते झालं. त्याच नदीत, त्याच काठावर एकटा सापडणारा मृतदेह कुठल्याच घरचा नसतो. त्याच्यासाठी दोन राज्यं सोडा, दोन ठाणीसुद्धा एकमेकांशी बोलतील याची खात्री नसते.

नाव आहे, पैसा नाही

आतापर्यंत अनोळखी मृतांबद्दल झालं. पण बेवारस म्हणून जाणाऱ्यांत असेही असतात ज्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. दवाखान्यात एकटी म्हातारी जाते. खोलीत मजूर जातो, त्याचा भाऊ गोरखपूरहून यायला दोन दिवस लागणार असतात आणि तिकिटाचे पैसे नसतात. कधी मुलगा फोनवर सांगतो, तुम्हीच करून टाका. त्याला निर्दय म्हणण्याआधी मृतदेह शेकडो किलोमीटर न्यायचं भाडं किती होतं ते पाहावं. या माणसांच्या मृत्यूत संशयास्पद काही नसतं, त्यामुळे पोलिसांची नोंद नसते, आणि पोलिसांची नोंद नाही म्हणून पालिकेला बहुतेकदा कुणी कळवतच नाही.

मध्य प्रदेशात यासाठी एक चांगली तरतूद आहे. असंघटित कामगारांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री जनकल्याण म्हणजे संबल योजनेत नोंदणी असलेल्याचा मृत्यू झाला तर अंत्येष्टीसाठी ५,००० रुपये मिळतात. ते पंचायतीने किंवा पालिकेने तातडीने द्यायचे असतात. नैसर्गिक मृत्यूला दोन लाख आणि अपघाताला चार लाख हे वेगळं. २०२५ मध्ये राज्याने सरकारी रुग्णालयांतून मृतदेह घरी पोचवणारी मोफत शववाहनंही सुरू केली. दोन्ही गोष्टींनी गरीब कुटुंबाचा मोठा भार हलका होतो. पण संबलचे पैसे कुटुंबाला मिळतात. ज्याच्यामागे कुटुंब नाही, ज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यातलं, ज्याने कधी नोंदणीच केली नाही, त्याच्यासाठी ही योजना नाही. पीथमपूरचा परप्रांतीय मजूर आणि टेकडीच्या पायरीवरची भिकारीण, दोघंही बाहेर राहतात.

ओडिशाने २०१३ मध्ये गरिबांच्या अंत्यविधीसाठी मदत सुरू केली, सुरुवातीला खेड्यात २,००० आणि शहरात ३,००० रुपये. तिला नाव दिलं हरिश्चंद्र साहाय्य योजना. नाव ठेवणाऱ्याने कथा नीट वाचली होती. आपल्याकडे हरिश्चंद्र म्हटलं की सत्यवचन आठवतं, फाळक्यांचा १९१३ चा सिनेमा आठवतो. पण कथेचा कळस स्मशानात आहे. तारामती रोहिदासाला घेऊन येते, तिच्याजवळ सरणाचं शुल्क द्यायला काही नाही, आणि ते वसूल करायला उभा असलेला माणूस तिचाच नवरा आहे. गरिबाच्या अंत्यविधीचा खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न आपल्या सर्वांत ओळखीच्या कथेत इतक्या उघडपणे मांडलेला आहे. तिथे देवांना यावं लागलं. आज तिथे पालिकेने उभं राहायचं आहे.

पालिकेला हे जमतं, याचा दाखला महाराष्ट्रात आहे. कोल्हापूर महानगरपालिका पंचगंगेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत करते. गरीब-श्रीमंत, वारस-बेवारस सगळ्यांना सारखंच. दहनाला लाकडाबरोबर शेणी वापरतात आणि होळीच्या वेळी कोल्हापूरकर आपली होळी लहान करून हजारो शेणी स्मशानाला दान देतात. मला या व्यवस्थेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते: सगळ्यांनाच मोफत असल्यामुळे गरीब असल्याचा दाखला कुणाला द्यावा लागत नाही. मृत्यूच्या दिवशी दारिद्र्यरेषेचं कार्ड शोधायला लावणारी मदत ही अर्धीच मदत. मध्य प्रदेशात आता अनेक शहरांत शेणाच्या गोकाष्ठाचा वापर होतो, गोशाळा ते बनवतात. देवास आणि धारला कोल्हापूरचा कित्ता गिरवायला कच्चा माल कमी पडणार नाही.

मृताचा हक्क

१९९५ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटनेच्या कलम २१ मधली प्रतिष्ठा माणसाच्या मृत्यूबरोबर संपत नाही, त्याच्या देहालाही ती लागू आहे. २००२ मध्ये आश्रय अधिकार अभियानाच्या याचिकेत पुढचं पाऊल पडलं: रस्त्यावर मेलेल्या बेघरालाही त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानाने अंत्यसंस्कार मिळण्याचा हक्क आहे आणि तो पुरवणं शासनाचं कर्तव्य आहे. म्हणजे हे कुणावर उपकार करण्याचं खातं राहिलेलं नाही. तरीही सप्टेंबर २०२० मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या शवागारात स्ट्रेचरवर विसरलेल्या एका अनोळखी मृतदेहाचा सांगाडा झालेला आढळला. देवास आणि धारचे गंभीर रुग्ण याच रुग्णालयात पाठवले जातात. कोविडच्या दिवसांत शवागारं भरून वाहत होती, हे खरं. पण सांगाडा व्हायला दिवस लागतात. त्या प्रत्येक दिवशी कितीतरी माणसं त्या स्ट्रेचरच्या बाजूने गेली असतील, आणि ‘हा कुणाच्या ताब्यात आहे’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हतं.

बेवारस देहाचा एक वारस मात्र कायद्याने आधीच नेमून ठेवला आहे: वैद्यकीय महाविद्यालय. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये शरीरविच्छेदनासाठी फक्त फाशी गेलेल्या खुन्यांचे देह मिळत, म्हणून कबरी फोडून मृतदेह विकण्याचा धंदा चालला. एडिनबर्गला बर्क आणि हेअर यांनी १८२८ पर्यंत १६ खून करून देह एका शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टरला विकले. त्यावर उपाय म्हणून १८३२ मध्ये कायदा आला आणि त्याने दवाखान्यांत, गरीबगृहांत मेलेल्या बेवारसांचे देह महाविद्यालयांना देण्याची सोय केली. खुन्याची शिक्षा गरिबाच्या वाट्याला आली, असं तेव्हाच लोक म्हणू लागले. मुंबई राज्याचा १९४९ चा शरीरशास्त्र कायदा आणि मध्य प्रदेशाचा १९५४ चा याच वंशातले. डॉक्टर घडायचे तर देह लागतात, यात वाद नाही. पण ते देह देहदान करणाऱ्यांकडून यावेत, ज्यांनी शुद्धीत असताना सही केली आहे. ज्याला कुणी विचारलंच नाही त्याचं मौन म्हणजे संमती धरणं मला न्यायाचं वाटत नाही. आणि महाविद्यालयाने देह घेतला तरी शेवटी अवशेषांचे संस्कार करून त्याची नोंद ठेवणं त्याला टळत नाही.

दुसऱ्या देशांत काय करतात? इंग्लंडमध्ये १९८४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचं कलम ४६ सांगतं की ज्याच्या अंत्यविधीची सोय होत नाही असं दिसतं, त्याचा अंत्यविधी स्थानिक कौन्सिलने केलाच पाहिजे. मृताची इच्छा दहनाविरुद्ध होती असं मानायला कारण असेल तर त्याला जाळायचं नाही. मागे काही मालमत्ता असेल तर खर्च त्यातून वसूल करता येतो. तिथे पोलिसाने खिशात हात घालायचा प्रश्नच येत नाही. लॉस एंजेलिस परगणा न्यायला कुणी न आलेल्यांच्या अस्थी सुमारे तीन वर्षं सांभाळतो, मग एका कबरीत एकत्र ठेवतो, वर फक्त वर्ष कोरलेलं. दर डिसेंबरमध्ये सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात आणि अनोळखी नागरिक येऊन उभे राहतात. ॲमस्टरडॅममध्ये २००२ पासून कवी एकाकी मृताची मिळेल तेवढी माहिती गोळा करतात, त्याच्यावर कविता लिहितात आणि अंत्यविधीला वाचतात. आपल्याकडेही याची बीजं आहेत. गयेला धर्मपिंड देतात, ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी. सर्वपित्रीच्या तर्पणात अनोळखी, निपुत्रिक सगळ्यांना पाणी सोडायची चाल आहे. देवासपासून क्षिप्रा आणि धारपासून नर्मदा दूर नाही. पालिकेने वर्षभरातल्या बेवारसांच्या अस्थी सांभाळून ठेवल्या आणि सर्वपित्रीला त्यांचं विसर्जन केलं, तर गाव येईल.

पण या सगळ्याआधी वही. अयोध्येचे महंमद शरीफ हे सायकल दुरुस्ती करणारे गृहस्थ. १९९२ मध्ये त्यांचा मुलगा घरातून बाहेर पडला तो परत आला नाही. त्याचा मृतदेह बेवारस म्हणून गेला आणि बापाला ते उशिरा कळलं. तेव्हापासून त्यांनी हजारो बेवारसांचे अंत्यसंस्कार केले, हिंदूंना अग्नी दिला, मुसलमानांना माती दिली. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा गौरव योग्यच आहे. मात्र त्यांच्या घरी जे घडलं ते एका नोंदवहीने टळलं असतं. मुलाचा फोटो आणि कपड्यांचं वर्णन बापापर्यंत वेळेत पोचलं असतं, तर त्याला अग्नी किंवा माती द्यायचं ठरवायला बाप तिथे असता.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सार्वजनिक जागी सापडलेल्या मृतदेहाची खबर देण्याची जबाबदारी शहरात ठाणेदारावर आणि खेड्यात गावच्या प्रमुखावर टाकतो. म्हणजे पालिकेच्या मृत्यू नोंदवहीत हा माणूस असायलाच हवा, अनोळखी म्हणून का होईना. त्या नोंदीला मर्ग क्रमांक, फोटो, गोंदण-कपड्यांचं वर्णन आणि पुरल्याची किंवा जाळल्याची जागा जोडली आणि ती यादी पालिकेच्या संकेतस्थळावर टाकली, तर पीथमपूरच्या मजुराला शोधणारा गोरखपूरचा भाऊ घरबसल्या पाहू शकेल. कुक्षीची आई गुजरातमधली यादी बघू शकेल. यासाठी विद्युतदाहिनीएवढा खर्च येत नाही. एक कारकून, एक कॅमेरा आणि कपडे ठेवायला कुलूपबंद कपाट, एवढ्यावर हे काम सुरू होतं.

तुम्ही देवासात, धारमध्ये किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालिकेच्या हद्दीत राहत असाल, तर तीन गोष्टी विचारा. यंदाच्या अंदाजपत्रकात बेवारस आणि निराधारांच्या अंत्यसंस्कारासाठी स्वतंत्र रक्कम आहे का? रात्री दोन वाजता पोलिसांनी किंवा दवाखान्याने फोन केला तर पालिकेतला कोण उचलणार, त्याचं नाव ठरलेलं आहे का? आणि स्मशानातली नोंदवही शोधत आलेल्या नातेवाइकाला दाखवतात का? नगरसेवकाने उत्तर दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.